वारा वाढायच्या आधी : शीड लहान करण्याची गोष्ट, मालेगावातून

बसमध्ये इअरफोन लावून ऐकणारे, रात्री आडवं पडून ऐकणारे, आणि डेटा संपला म्हणून इथे येऊन वाचणारे, सगळ्यांचं स्वागत. हा भाग बोलताना जसा बोललो तसाच जवळपास ठेवलाय. फक्त अडखळलेली वाक्यं नीट केलीत आणि मध्ये दोनदा भुंकलेला कुत्रा काढून टाकलाय.

मी मालेगावातून बोलतोय. पॉवरलूमचं, नाशिकचं मालेगाव नाही. वाशिम जिल्ह्यातलं. आमच्याकडे सोयाबीन आहे, तूर आहे, आता तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेलाय. समुद्र नाही. मुंबईचा समुद्र इथून पाचशेहून जास्त किलोमीटर लांब. तरी आजचा विषय आहे शिडाची बोट. त्यातही एकच काम : वारा वाढायला लागला की बोटीचं मुख्य शीड लहान करणं. इंग्रजीत याला ‘रीफ करणं’ म्हणतात.

मागच्या भागात मी हा विषय सांगितला तेव्हा एकाने मेसेज टाकला, “भाऊ, आपल्याले याचं काय कराचं?” प्रश्न बरोबर आहे. म्हणून आधी समुद्र नाही, आधी शेत.

दोन वर्षांपूर्वीची ऑक्टोबरातली संध्याकाळ. सोयाबीन कापून सुडी लावलेली, मळणीयंत्राचा नंबर दोन दिवसांनी. दुपारपासून पश्चिमेकडे आभाळ काळं. बाबा आणि मी ताडपत्री घेऊन शेतात गेलो. ताडपत्री तीस बाय चाळीसची, म्हणजे सुडीपेक्षा बरीच मोठी. बाबा म्हणाले, आधी दुहेरी घडी कर, अर्धीच टाक, कडेने दगड लाव. मी म्हटलं, एवढं वारं कुठं आहे? पूर्ण पसरू, मग बांधू. म्हणजे एकदम पक्कं होईल.

मी दोन कोपरे बांधले. तिसरा हातात होता तेव्हा वारा आला. हळूहळू नाही, एका दमात. ताडपत्रीच्या खाली शिरला आणि ती फुगली. माझे पाय जमिनीवरून सुटले, खोटं सांगत नाही. दोर तळहातातून सरकला, कातडी गेली. ताडपत्री बांधावरच्या बाभळीत जाऊन अडकली आणि मधोमध फाटली. मग अर्धा तास पाऊस. सुडीचा वरचा थर भिजला, खाली पाणी गेलं, दाणे काळे पडले. बाजारात भाव कमी लागला. किती कमी ते इथे सांगत नाही, पण त्या वर्षी मी पुण्याला क्लासला जाणार होतो, ते राहिलं.

बाबा ओरडले नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाले, “वारा दिसला तवाच घडी घालाले पायजे होती.”

हे वाक्य लक्षात ठेवा. आजचा सगळा भाग या वाक्याचाच इतिहास आहे.

वारा मोजायचा कशाने?

आज फोन काढला की वारा किती ते दिसतं. ताशी अमुक किलोमीटर. पण दोनशे वर्षांपूर्वी समुद्रावर वारा कसा मोजायचे? एक कप्तान लिहायचा ‘जोराचा वारा’, दुसरा त्याच वाऱ्याला ‘बरा वारा’ म्हणायचा. एकाची नोंद दुसऱ्याच्या कामाची नाही.

१८०५ च्या सुमारास ब्रिटिश नौदलातला फ्रान्सिस बोफर्ट ‘एचएमएस वूलविच’ या जहाजावर होता. त्याने स्वतःच्या रोजनिशीत वाऱ्याचे क्रमांक लिहायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच ० ते १२ अशी मोजपट्टी पक्की झाली. १८३८ मध्ये ती ब्रिटिश नौदलात सगळ्यांना लागू झाली, आणि आजही हवामानाच्या बातम्यांत ‘बोफर्ट स्केल’ म्हणून चालते.

आता खरी गंमत. या मोजपट्टीत वाऱ्याचा वेग लिहिलेला नव्हता. लिहिलं होतं ते हे की या वाऱ्यात पूर्ण सजलेली युद्धनौका किती शीड वागवू शकते. सहा नंबरचा वारा म्हणजे काय, तर वरची शिडं एकदा लहान करावी लागतात तो. सात म्हणजे दोनदा लहान करावी लागतात. आठ म्हणजे तीनदा. नऊ म्हणजे जेवढी लहान होतील तेवढी. आणि बारा म्हणजे ज्याच्यापुढे कुठलंच कापड टिकत नाही तो वारा.

म्हणजे बघा, वाऱ्याचं माप वाऱ्यात नव्हतं, माणसाने किती आवरतं घेतलं त्यात होतं. नॉट आणि किलोमीटरचे आकडे त्याला नंतर जोडले गेले. आजच्या हिशोबात चार नंबर म्हणजे ११ ते १६ नॉट, सहा म्हणजे २२ ते २७ आणि बारा म्हणजे ६४ नॉट किंवा जास्त. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

आता शाळेतलं थोडं विज्ञान, घाबरू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेगाचा वर्ग. १२ नॉटचा वारा २० नॉट झाला, तर अंगाला वाटतं ‘थोडा वाढला’. शिडावर मात्र जोर पावणेतीन पट होतो. माझ्या ताडपत्रीचं नेमकं हेच झालं. माझ्या मनाने वारा ‘थोडा’ मोजला. ताडपत्रीने त्याचा वर्ग केला.

शीड लहान करायची जुनी रीत

‘रीफ’ हा शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आलाय असं मानतात. तिथे ‘रिफ’ म्हणजे बरगडी. शिडाच्या अंगावर आडव्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांवर ओळीने छोट्या दोऱ्या शिवलेल्या असायच्या. वारा वाढला की शिडाचा एक पट्टा गोळा करायचा आणि त्या दोऱ्यांनी आडव्या काठीला बांधून टाकायचा. अजून वाढला की पुढचा पट्टा.

मोठ्या जहाजांवर हे काम वर चढून करावं लागायचं. रात्र, पाऊस, जहाज डुलतंय, आणि दहा-पंधरा खलाशी उंचावरच्या आडव्या काठीला पोट टेकून उभे. पायाखाली फक्त एक दोर. ओलं कापड फडफडून बोटांची नखं काढायचं. माणसं वरून पडून मरायची. म्हणून कप्तानाचा निर्णय महत्त्वाचा. त्याने अर्धा तास आधी हुकूम दिला तर खलाशी साध्या वाऱ्यात वर जाणार. उशिरा दिला तर वादळात जाणार. काम तेच, जीव वेगळ्या भावाने.

१८५० मध्ये कनिंगहॅम नावाच्या इंग्रजाने एक युक्ती पेटंट केली. काठीच फिरवायची आणि शीड तिच्यावर गुंडाळायचं, चटईसारखं. आणि हे डेकवरून करायचं, माणूस वर न पाठवता. मोठ्या शिडांच्या जहाजांचा काळ पुढे वाफेच्या इंजिनाने संपवला, पण ‘शीड गुंडाळायचं’ ही कल्पना टिकली. छोट्या बोटींवर खालची आडवी काठी, म्हणजे बूम, फिरवून शीड तिच्यावर गुंडाळायची सोय आली. मग १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या टेड हूड यांनी डोलकाठीच पोकळ केली. शीड उभं गुंडाळून डोलकाठीच्या आत जाणार. दुकानाचं शटर वर जातं ना, तसं, फक्त आडवं. आज फिरस्तीच्या बऱ्याच बोटींवर ही सोय असते. नवरा-बायको दोघंच जग फिरतात, साठीतली माणसं फिरतात, ती या सोयीमुळे.

आणि आपल्याकडे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त पडला. कान्होजी आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं वारा वाढला की काय करायची?

आधी बोटी समजून घ्या. गुराब मोठं, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, तोफा वागवणारं. गलबत लहान, हलकं, शीड आणि वल्ही दोन्ही असलेलं. वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ही पाण्यात पडायची आणि गलबत चालायला लागायचं. तळ उथळ, त्यामुळे खाडीत कुठंही शिरता यायचं. अरबी समुद्रातल्या आपल्या बऱ्याच बोटींना तिरक्या लांब काठीवर टांगलेलं त्रिकोणी शीड असायचं.

या तिरक्या शिडाला पट्टा बांधून लहान करायची पद्धत फारशी नव्हती. अरबी समुद्रातल्या मोठ्या ढाऊंवर विसाव्या शतकातसुद्धा खलाशी शीड लहान करत नसत, शीडच बदलत. लांब काठी खाली घ्यायची, मोठं शीड सोडायचं, दुसरं लहान शीड बांधायचं, काठी परत वर. हे माणसांच्या ताकदीचं काम, आणि वेळखाऊ. म्हणजे वारा डोक्यावर आल्यावर करायचं कामच नाही ते. आधीच ठरवावं लागतं.

आणि आपल्या किनाऱ्यावर त्याच्याही आधी एक मोठा ‘रीफ’ होता : कॅलेंडर. मे संपत आला की बोटी किनाऱ्याला ओढायच्या, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा समुद्र उघडायचा. कोळी बांधव आजही पाळतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखलं जाणारं ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात आरमारावर वेगळं प्रकरण आहे. पावसाळा लागायच्या आधीच आरमार सुरक्षित बंदरात छावणीला न्यावं, असा त्यात बंदोबस्त आहे. विचार करा, राज्यकारभाराच्या पुस्तकात हे लिहावं लागलं, कारण कुणीतरी ‘अजून चार दिवस थांबू’ म्हणणारच होतं.

त्यामुळे शाळेत आपण आरमार म्हणजे फक्त लढाया शिकतो, ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं म्हणजे कधी समुद्रात जायचं नाही हे ठरवणं. १७२९ मध्ये कान्होजी गेले, तोवर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही त्यांचा बंदोबस्त करता आला नव्हता. त्यात शौर्य होतंच. पण खाडी, भरती-ओहोटी आणि वारा यांचा हिशोबही होता.

मुंबईत बांधलेली एक बोट, आणि दुष्काळी भागातला एक ॲडमिरल

आता थोडं जवळच्या काळात येऊ.

१९६० च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण ब्रिटिश अधिकारी व्यापारी जहाजावर नोकरीला होता आणि मुंबईत यायचा-जायचा. त्याने मुंबईतच सागवानाची ३२ फुटी बोट बांधून घेतली. नाव ‘सुहेली’. हीच बोट घेऊन तो १४ जून १९६८ ला इंग्लंडमधून एकटा निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता जगाला फेरी मारून परत पोचला. असं करणारा पहिला माणूस. पहिल्या माणसाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. बोट मुंबईच्या सुतारांच्या हातची होती, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मग भारतीय कधी? इथे एक माणूस येतो, जो मला फार आवडतो. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात ‘आयएनएस कामोर्टा’चे कप्तान, वीर चक्र. निवृत्तीनंतर ते कुठे राहायला गेले? सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णीला. कमी पावसाचा भाग, समुद्राचा वासही नाही. तिथे बसून ते वर्षानुवर्षं एकाच गोष्टीचा पाठपुरावा करत राहिले : एका भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली पाहिजे. ‘सागर परिक्रमा’ ही त्यांची कल्पना.

बोट बांधली गोव्यात, मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात. ५६ फुटांची, नाव ‘म्हादेई’. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात आली. १९ ऑगस्ट २००९ ला कमांडर दिलीप दोंदे मुंबईतून एकटे निघाले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन असे चार थांबे घेत मे २०१० मध्ये ते परत आले. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्यानंतर त्याच बोटीतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला मुंबईला पोचले. मग दिवाडीतच बांधलेल्या ‘तारिणी’तून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी, सगळ्या महिला, १० सप्टेंबर २०१७ ला गोव्यातून निघून २१ मे २०१८ ला परतल्या. २५४ दिवस.

मी हे आकडे भराभर सांगतोय, पण यातल्या प्रत्येक दिवशी दोन-तीन वेळा तरी कुणीतरी आभाळाकडे बघून ठरवलंय : शीड आत्ता लहान करायचं की अजून थोडं थांबायचं? एकट्या माणसाला रात्री अडीचला झोपेतून उठून हे ठरवावं लागतं. विचारायला कुणी नसतं.

मी स्वतः बोटीवर गेलो तेव्हा

या भागाच्या तयारीसाठी मागच्या मार्चमध्ये मी गोव्याला गेलो. ओळखीतून एका बोटीवर तीन तास बसायला मिळालं. बोटवाले काका रत्नागिरीकडचे. बोटीला डोलकाठीत गुंडाळलं जाणारं मुख्य शीड. मी पोहत नाही, हे त्यांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, “मग जॅकेट काढू नकोस आणि मी सांगेन तेव्हा प्रश्न विचारू नकोस.”

सकाळी वारा नावाला. दुपारी दीडनंतर समुद्राकडून वारा सुरू झाला. ८ नॉट, १० नॉट. बोट छान पळायला लागली, मला मजा यायला लागली. वारा १४ वर आला तेव्हा बोट एका बाजूला चांगलीच कलली. काका लांब पाण्याकडे बघत होते. तिकडे पाण्याचा रंग गडद झाला होता आणि लाटांच्या डोक्यावर पांढरं दिसत होतं. ते म्हणाले, “चला, शीड लहान करू.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, एवढं वारं कुठं आहे?”

बोलल्यावर माझे मलाच शब्द ऐकू आले. तेच. शेतातले.

काका हसले. “मनात आलं ना की लहान करावं का? मग तीच वेळ. मनात आल्यावर जो थांबतो, तो मग वाऱ्याच्या वेळेने काम करतो.”

मग त्यांनी जे केलं ते क्रमाने सांगतो, कारण मला ते फार सुंदर वाटलं.

एक. बोट वाऱ्याच्या तोंडाकडे वळवली, पण अगदी सरळ नाही. थोडी तिरकी ठेवली. अगदी सरळ ठेवली तर शीड दोन्हीकडे आपटत राहतं आणि गुंडाळताना सुरकुत्या पडतात. शीड डोलकाठीत ज्या बाजूने आत वळतं, ती बाजू बघून वारा कुठून घ्यायचा ते ठरवतात, म्हणजे फटीच्या कडेवर कापड घासत नाही.

दोन. बूमला खाली ओढून ठेवणारा दोर सैल केला आणि शिडाला आवळणारा मुख्य दोरही. शिडातला जोर गेला. बोट सरळ झाली. माझा श्वासही.

तीन. शिडाचा मागचा कोपरा बूमच्या टोकाकडे ओढून धरणारा एक दोर असतो. तो एकदम सोडायचा नाही. विंचवर एक वेढा ठेवून मीटर-मीटर द्यायचा. आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने गुंडाळणारा दोर ओढायचा. एक देतो, एक घेतो. थोडा ताण कायम ठेवायचा, म्हणजे शीड आत घट्ट गुंडाळलं जातं. सैल गुंडाळलं तर आत जाडजूड गोळा होतो आणि नंतर ना आत जातं ना बाहेर येतं.

चार. मध्ये एकदा दोर अडकला. मी विंचचं हँडल पुढे केलं. काकांनी माझा हात धरला. “जोर नाही लावायचा. अडकलं म्हणजे काहीतरी सांगतंय.” त्यांनी शीड हातभर परत बाहेर सोडलं, सुरकुती गेली, पुन्हा आत घेतलं. विंचने जोर लावला असता तर दोर तुटला असता, किंवा कापड फाटलं असतं.

पाच. हवं तेवढं लहान झाल्यावर गुंडाळणारा दोर पक्का केला, मागचा दोर पुन्हा ताणला म्हणजे शीड सपाट झालं, बाकीचे दोर परत आवळले. मग पुढचं शीडही थोडं गुंडाळलं. का, तर मागे कमी आणि पुढे जास्त झालं की बोटीचा तोल बिघडतो आणि सुकाणू जड होतं.

सगळं मिळून पाच मिनिटं. पंधरा मिनिटांनी वारा १९-२० नॉट झाला. आणि बोटीचा वेग? कमी झालाच नाही. मला वाटलं होतं शीड लहान म्हणजे बोट हळू. पण खूप कललेली बोट पाण्यात आडवी घसरते, सुकाणू ब्रेकसारखं काम करतं. सरळ उभी बोट कमी शिडात तेवढीच पळते, आणि माणसं शांत असतात.

काकांनी परतताना अजून एक सांगितलं. ही गुंडाळायची सोय चांगली, पण तिच्यात एक फसवणूक आहे. काम सोपं झालं की माणूस उशीर करतो. ‘काय, दोर ओढला की झालं,’ असं वाटतं. साधं शीड निदान दोर सोडला की खाली पडतं. हे शीड मोठ्या वाऱ्यात अर्ध्यात अडकलं तर ना लहान होतं ना खाली येतं. म्हणून सोय जितकी मोठी, तितकं लवकर ठरवायचं.

पण लवकर ठरवूनही…

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण इतिहास तेवढाच नाहीये.

ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या मधल्या समुद्रात फास्टनेट शर्यत होती. ३०३ बोटी. १३-१४ ऑगस्टच्या रात्री अंदाजापेक्षा मोठं वादळ आलं. शर्यतीतले १५ जण गेले. २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या, पण त्यातल्या बुडाल्या फक्त पाच. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. म्हणजे काही माणसं बोट सोडून रबरी तराफ्यात गेली आणि तिथे संपली, बोट मात्र वाचली. तेव्हापासून खलाशी शिकवतात की घाबरून शेवटचा निर्णय घाईत घ्यायचा नाही. लवकर करणं आणि घाईत करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि सप्टेंबर २०१८. अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत होते. १९६८ च्या तंत्रानेच जग फिरायचं, जीपीएस वापरायचा नाही, अशी ती शर्यत. त्यांची बोट ‘थुरिया’ गोव्यातच बांधलेली, ‘सुहेली’च्याच नमुन्यावर. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळ आलं, सुमारे १४ मीटरच्या लाटा. बोट उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार बसला. हलता येत नव्हतं. २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. अनुभवात कमी होते का? मुळीच नाही. तेवढ्या लाटेपुढे शीड किती ठेवलंय याचा हिशोब संपतो.

मग ते परत गेले. २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ ला दुसऱ्या क्रमांकाने पोचले. आवटींना मात्र हे बघायला मिळालं नाही. ते नोव्हेंबर २०१८ मध्ये गेले.

म्हणजे शीड वेळेवर लहान करणं ही वाचण्याची हमी नाही. त्याने फक्त एवढंच होतं की जे आपल्या हातात आहे, ते हातातून निसटत नाही. उरलेलं समुद्राचं.

शेवटी परत शेतात

गेल्या ऑक्टोबरात परत सुडी लागली होती. परत आभाळ आलं. या वेळी मी काही बोललो नाही. ताडपत्रीची घडी आधी घातली, अर्धीच टाकली, वाऱ्याच्या बाजूचे कोपरे आधी बांधले, कडेने दगड लावले, मग उलट्या बाजूला गेलो. दोर एकदम सोडला नाही. एक देतो, एक घेतो. बाबा बांधावर उभे राहून बघत होते.

वारा आलाच नाही. आभाळ रिसोडकडे निघून गेलं. एक थेंब पडला नाही. दोन तास घाम गाळून मी कोरड्या सुडीवर ताडपत्री टाकून बसलो होतो.

मला वाटलं बाबा हसतील. म्हटलं, “उगाच केलं ना?”

ते म्हणाले, “उगाच कसं? झोप तं लागन ना आता.”

म्हणून ज्याने विचारलं होतं ना, “आपल्याले याचं काय कराचं?”, त्याला हे उत्तर. आभाळ बघून आधी आवरतं घेतलेलं दहापैकी सहा वेळा वाया जातं. त्या सहा वेळांची लाज वाटून घ्यायची नाही, एवढं मी शिकलो. बोटीवरच्या काकांनीही त्या दिवशी शीड लहान केल्यावर वारा वाढला नसता, तरी ते हसलेच असते.

तुमच्याकडे अशी गोष्ट असेल, शेताची, दुकानाची, मंडपाची, कशाचीही, तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या एखाद्या भागात घेऊ. पुढच्या वेळी समुद्र नाही, वाफेची आगगाडी विदर्भात कशी आली ते बघू.

तोपर्यंत काळजी घ्या. भेटू.